चहासोबतची घरची बटर बिस्किटं: कणीक, नाचणी, खरं लोणी आणि मोजकी साखर

बिस्किटं पौष्टिक करायची ठरली की घरोघरी पहिली कात्री लोण्याला लागते. मग दही घाल, केळं कुस्कर, तेलावर भागव असं करत शेवटी जे भट्टीतून निघतं ते मऊ तरी असतं किंवा दगडासारखं. बिस्किटाचा खुसखुशीतपणा लोण्यातूनच येतो. मोहन कमी पडलेल्या शंकरपाळ्याचं जे होतं तेच लोणी कमी पडलेल्या बिस्किटाचं होतं. म्हणून लोणी पुरेसं ठेवायचं, पण ते खरं असावं. बदल करायचा तो मैद्यात, साखरेत आणि बिस्किटाच्या आकारात.

खरं लोणी यासाठी की बेकरीत स्वस्त पडतं म्हणून वनस्पती तूप किंवा शॉर्टनिंग (तेलापासून केलेला घट्ट स्निग्धांश) वापरलं जातं. अशा स्निग्धांशात असणाऱ्या, हृदयाला घातक ट्रान्स फॅटची मर्यादा भारतात २०२१ साली ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली, त्यामुळे जुनी भीती बरीच कमी झाली आहे. तरी त्यातलं पामतेल पामतेलच राहतं आणि त्याला लोण्याची चव येत नाही. ‘बटर’ नाव मिरवणाऱ्या पाकिटामागची घटकांची यादी वाचून पाहा. लोण्याची टक्केवारी कित्येकदा एकेरी आकड्यात असते.

साहित्य (३० ते ३२ बिस्किटं)

कणीक १२० ग्रॅम
नाचणीचं पीठ ५० ग्रॅम
बारीक रवा ३० ग्रॅम
बिनमिठाचं लोणी ११० ग्रॅम
पिठीसाखर ६५ ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, सपाट
मीठ पाव टीस्पून
वेलदोडा-जायफळ पूड मिळून अर्धा टीस्पून
गार दूध १५ ते २५ मिली, लागेल तसं

वजनकाटा असेल तर उत्तम, कारण घरोघरच्या वाट्या वेगळ्या. नसेल तर २४० मिलीच्या मापाच्या कपाने कणीक एक सपाट कप, नाचणी अर्ध्या कपाला थोडी कमी, रवा तीन टेबलस्पून, लोणी अर्ध्या कपाला किंचित कमी आणि चाळलेली पिठीसाखर अर्ध्या कपाहून जरा जास्त. कप पिठात खुपसून भरू नका. चमच्याने पीठ हलकेच टाकून वरून सुरीने सपाट करा. दाबून भरलेल्या कपात सहज २० ग्रॅम जास्त पीठ जातं आणि तेवढ्याने बिस्किट कोरडं पडतं.

या मापाने एका बिस्किटात साधारण ५८ कॅलरी, २ ग्रॅमच्या जरा वर साखर आणि ३ ग्रॅम स्निग्धांश येतो. हे डाएटचं खाणं नव्हेच. चहासोबत दोन-तीन बिस्किटं, आणि चहात साखर थोडी कमी, असा हिशोब धरावा.

पिठांबद्दल

चक्कीवरून आणलेली कणीक पोळीसाठी दळलेली असते. जात्याच्या घर्षणाने गव्हातला स्टार्च बराच दुखावतो आणि असं पीठ पाणी जास्त पितं. पोळी त्यामुळेच मऊ होते. बिस्किटाला मात्र हे उलटं पडतं: जास्त पाणी, जास्त चिकटपणा, आणि भाजल्यावर चिवट किंवा कडक तुकडा. यावर दोन उपाय. एक, कणकेबरोबर ग्लूटेन (गव्हातलं चिकटपणा देणारं प्रथिन) नसलेलं पीठ मिसळायचं, म्हणजे चिकटपणा आपोआप पातळ होतो. दुसरा, द्रव कमीत कमी ठेवायचा. नाचणी आहे ती पहिल्या कारणासाठी. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हा वरचा फायदा. नाचणी नको असेल तर तेवढंच ज्वारीचं पीठ चालतं. बाजरीला स्वतःची कडवट झाक असते आणि तिचं पीठ लवकर खवट होतं, त्यामुळे अगदी ताजं दळलेलं असेल तरच घ्या.

खपली गहू मिळत असेल तर कणकेच्या जागी तोच वापरावा. त्याचं ग्लूटेन कमजोर असल्यामुळे पोळ्या लाटताना तो त्रास देतो, पण बिस्किटाला तेच हवं असतं. खपली घेतल्यास दूध १० मिलीपासून सुरू करा.

नाचणी कच्ची टाकली तर जिभेवर मातकट चव राहते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, खमंग वास येईपर्यंत परता आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट पीठ लोण्यात गेलं की लोणी वितळतं आणि पुढचं सगळं बिघडतं. रवा भाजायची गरज नाही. त्याचं काम वेगळं आहे. तो दाताखाली कुरकुरीतपणा देतो आणि चहात बुडवलेलं बिस्किट कपाच्या तळाशी जाण्याआधी तोंडापर्यंत पोचवतो.

कणीक चाळावी का? मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला तर मग कणीक घेण्यात अर्थ काय! पोळीच्या चाळणीने एकदा चाळा, बेकिंग पावडर आणि मीठ त्यातच मिसळा, पुरे.

लोणी, बटर की तूप

बाजारातल्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि थोडे दुधाचे घटक. पिवळ्या, पोळी-ब्रेडला लावायच्या बटरमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास मीठ असतं. ११० ग्रॅममध्ये ते दोन ग्रॅमहून जास्त होतं, म्हणून असं बटर वापरलं तर वेगळं मीठ अजिबात घालू नका. खारट-गोड चव आवडणाऱ्यांना ते आवडेलही.

घरचं लोणी सगळ्यात चवदार, फक्त धुतलेलं हवं. ताक राहिलं तर आंबट वास येतो आणि बिस्किटं टिकत नाहीत. फ्रिजमधल्या पाण्यात लोण्याचा गोळा तीन-चार वेळा, पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा आणि हाताने दाबून पाणी काढून टाका. तरीही त्यात बाजारच्या बटरपेक्षा पाणी जास्तच राहतं. म्हणून ११० ऐवजी १२० ग्रॅम घ्या आणि दूध शेवटी, लागलंच तर.

तूप वापरायचं असेल तर ८५ ते ९० ग्रॅम पुरतं, कारण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. तूप थिजलेलं, रवाळ असावं. पातळ तुपाची बिस्किटं ट्रेवर पसरतात. तुपाने होणारं बिस्किट नानकटाईच्या वळणाचं, तोंडात विरघळणारं होतं. बटरचं जास्त कुरकुरीत होतं. चहात बुडवणाऱ्यांनी बटर घ्यावं.

लोण्याचा काही भाग कमी करायचाच असेल तर २५ ग्रॅम लोण्याच्या जागी ३५ ग्रॅम बदामाची बारीक पूड किंवा भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट घाला. त्यात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे खुसखुशीतपणा फारसा जात नाही. दही आणि केळ्याने मात्र केकचा भाऊ तयार होतो.

साखर किती कमी करता येते

नेहमीच्या कृतींत पिठाच्या निम्मी किंवा त्याहून जास्त साखर असते. इथे ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणली आहे. याखाली गेलं तर गोडी कमी होते एवढंच नाही. साखर पाणी धरून ठेवते आणि पिठाचा चिकटपणा वाढू देत नाही, म्हणून ती कमी होताच बिस्किट घट्ट होऊ लागतं. भाजताना येणारा तांबूस रंगही कमी होतो. ५० ग्रॅमपर्यंत उतरता येतं, फक्त तेव्हा दूध एक चमचा जास्त लागेल आणि बिस्किट फिकट दिसेल. वेलदोडा-जायफळ मुद्दाम भरपूर घेतलं आहे. सुगंधी मसाल्याने कमी गोड पदार्थही गोड भासतो.

गुळाने बिस्किट आरोग्यदायी होतं हा समज सोडावा. १०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम गूळ यांच्या कॅलरीत फरक फार थोडा आहे, आणि मधुमेह्याला गूळ साखरेइतकाच जपून खावा लागतो. चवीसाठी घालायचा तर जरूर घाला, नाचणीशी गुळाची जोडी छानच जमते. कोरडी गूळ पावडर ७० ग्रॅम घ्या, गाठी चाळून काढा. किसलेला ओला गूळ किंवा पाक नको. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून ही बिस्किटं लवकर सादळतात आणि भट्टीत लवकर करपतात. तापमान १५० अंशांवर ठेवा, वेळ दोन-तीन मिनिटं वाढवा. गुळाच्या आवृत्तीत बेकिंग पावडरऐवजी चिमूटभर, म्हणजे पाव टीस्पूनहून कमी, खायचा सोडा चालतो, कारण गूळ किंचित आम्ल असतो. जास्त सोड्याने साबणासारखी चव येते.

कृती

लोणी फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोटाला तेल लागू नये. २० ते २२ अंशांना ही स्थिती येते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात ती दहा मिनिटांत येऊन निघूनही जाते, तेव्हा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवूनच काम करा.

लोणी आणि पिठीसाखर लाकडी चमच्याने एकाच दिशेने तीन-चार मिनिटं फेटा. रंग उजळला आणि मिश्रण हलकं झालं की थांबा. यापुढे फेटत बसलं तर हवा जास्त भरते, बिस्किटं ट्रेवर फुगून पसरतात आणि कडा पातळ होऊन करपतात. हाताचं मशीन असेल तर दीड मिनिट पुरे.

आता वेलदोडा-जायफळ आणि सगळी पिठं दोन हप्त्यांत घाला. बोटांच्या टोकांनी चोळत मिसळा, तळव्याने नाही. तळवा गरम असतो. मिश्रण ओल्या रव्यासारखं दिसू लागलं की मुठीत धरून पाहा. मुटका वळला आणि बोटाने दाबल्यावर तीन-चार मोठ्या तुकड्यांत फुटला तर दूध नको. भुगाच झाला तर दूध एकेक चमचा शिंपडा. गोळा जमला की हात थांबवा. हे पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं असतं. पोळीच्या कणकेसारखं तिंबलं तर कितीही लोणी घातलेलं असो, बिस्किट कडकच होणार.

गोळ्याच्या दोन वळकट्या करा, प्रत्येक ४ सेंटिमीटर जाड आणि १३ सेंटिमीटर लांब. बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये अर्धा ते पाऊण तास ठेवा. हा वेळ वाचवू नका. एवढ्या वेळात कोंडा आणि रवा ओलावा शोषून घेतात, लोणी परत घट्ट होतं, आणि चकत्या कापताना तुटत नाहीत. मैद्याच्या बिस्किटाला ही विश्रांती नसली तरी निभतं, कणकेच्या बिस्किटाला नाही निभत.

धारदार सुरीने ८ मिलिमीटरच्या चकत्या करा. दर चार-पाच कापांनंतर वळकटी पाव वळसा फिरवा, म्हणजे एक बाजू चपटी होत नाही. चकत्या दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर मांडा. वरून तीळ किंवा बदामाचे काप लावायचे तर बोटाने हलकेच दाबा, नाहीतर ते डब्याच्या तळाशी सापडतात.

भाजणं

ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) १६० अंश सेल्सिअसला, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, १५ मिनिटं तापवा. ट्रे मधल्या कप्प्यात. १८ ते २० मिनिटं लागतात. १२व्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण लहान ओटीजीत मागची बाजू सहसा जास्त तापते.

नाचणीमुळे बिस्किट आधीच तपकिरी असतं, त्यामुळे वरच्या रंगावर विसंबू नका. एक बिस्किट पात्याने उचलून खालची कड पाहा. ती मधल्या भागापेक्षा एक छटा गडद दिसली आणि बिस्किट न वाकता उचललं गेलं की झालं. दाबून पाहू नका. गरम बिस्किट मऊ लागतं, आणि मऊ लागतं म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवणं हेच करपण्याचं नेहमीचं कारण आहे. ओटीजी बंद करून दार बोटभर उघडं ठेवा आणि बिस्किटं आतच पाच-सात मिनिटं राहू द्या. या उरलेल्या उष्णतेत आतला ओलावा निघून जातो. नंतर जाळीवर पूर्ण गार करा.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांचं जमतंच असं नाही. नव्या यंत्रात आधी तीनच बिस्किटं भाजून वेळ ठरवा. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन मोडच हवा, आणि त्यात पंखा असल्यामुळे १५० अंश पुरतात. एअरफ्रायरमध्ये १५० अंशांना १२ ते १४ मिनिटं. त्यात रिकामा कागद ठेवून तापवू नका, तो उडून कॉइलला लागतो.

भट्टी नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची कढई चालते. तळाला बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवणं, आणि मग अगदी मंद आचेवर २२ ते २५ मिनिटं. ताटलीत एका वेळी आठ-नऊ बिस्किटं मावतात. उष्णता फक्त खालून येत असल्यामुळे वरची बाजू फिकटच राहील, ती भाजायच्या हट्टापायी खालची जाळू नका. नॉनस्टिक कढई कोरडी तापवायला वापरू नये. मीठ पुढच्या वेळी परत वापरता येतं, स्वयंपाकात नाही.

बिघडलं तर कुठे बिघडलं

पसरली: लोणी वितळलेलं होतं, फेटणं जास्त झालं किंवा फ्रिजची विश्रांती चुकली. पहिला ट्रे पसरला तर उरलेल्या चकत्या दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून भाजा.

कडक झाली: मळलं गेलं, दूध जास्त झालं किंवा भट्टी मंद असल्याने फार वेळ वाळत बसली. या तिघांत दूध बहुतेक वेळा दोषी असतं.

हातात घेताच भुगा: पीठ कमी ओलं होतं किंवा गरम असतानाच उचलली. खपलीच्या बाबतीत थोडा भुसभुशीतपणा गृहीत धरावा.

कडा कुरकुरीत पण मध्ये ओलसर: चकत्या जाड झाल्या. गार झाल्यावर एक मोडून पाहा. मध्ये गडद, ओलसर रेघ दिसली तर सगळी १३० अंशांना सहा-आठ मिनिटं परत ठेवा. टोस्टसुद्धा असाच दोनदा तापून कोरडा होतो, यात कमीपणा काही नाही.

खाली करपली, वर कच्ची: काळा पातळ ट्रे आणि खालची कॉइल जवळ. दोन ट्रे एकावर एक ठेवा.

जिऱ्याची, जवळजवळ बिनसाखरेची

संध्याकाळच्या चहाला ही जास्त जमते. पिठं आणि लोणी तेच. साखर २० ग्रॅम, मीठ सपाट पाऊण टीस्पून, भाजून भरड कुटलेलं जिरं दीड टीस्पून, भरड मिरी अर्धा टीस्पून. जायफळ-वेलदोडा नाही. साखर कमी असल्यामुळे दूध ३० मिलीपर्यंत लागेल आणि रंग फारसा येणार नाही. ओवा आवडत असेल तर जिऱ्याऐवजी अर्धा टीस्पून, तळहातावर चोळून. मधुमेह असलेल्यांनीही मोजूनच खावीत, पीठ आहेच त्यात.

टिकवणं

बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, आतली वाफ त्यांनाच सादळवते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा-बारा दिवस चांगली राहतात. कणकेत गव्हाच्या अंकुराचं तेल असतं आणि नाचणीही सबंध दळलेली, त्यामुळे मैद्याच्या बिस्किटांपेक्षा ही लवकर खवट होतात. महिन्याची बेगमी करण्यात शहाणपण नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डबा उघडला की हवा आत शिरतेच. मऊ पडली तर १२० अंशांना आठ मिनिटं तापवून गार करा, पूर्ववत होतात. खवट वास आला असेल तर तापवून उपयोग नाही.

गावाकडे घरचं सामान नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणतात तशी ही बिस्किटंही भाजून मिळतात. पावाचा पहिला घाणा निघून भट्टी उतरल्यावर ट्रे आत ठेवायला सांगा, पावाची आच या बिस्किटांना सोसत नाही. घरी कमी-जास्त लागणाऱ्यांनी एक वळकटी भाजावी आणि दुसरी कागदात गुंडाळून, वर पिशवी घालून फ्रीझरमध्ये ठेवावी. महिनाभर राहते. पाहुणे आले की पंधरा मिनिटं बाहेर काढून चकत्या कापा आणि त्या गार असतानाच तापलेल्या भट्टीत सारा, फक्त दोन मिनिटं वेळ वाढवा.